पन्नास फरश्या

सरकारी इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या खोलीपासून औषधांच्या गोदामापर्यंत जो लांबलचक पॅसेज जातो, त्यात ताईंनी बावीस वर्षं माणसं चालवली. बाकीही कामं होतीच. रोग्यांना यंत्रात फुंकायला लावायचं, बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू बघायचा, कागद लावायचे, फायली बांधायच्या. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते चालवणं. त्यांचं खरं नाव हजेरीच्या रजिस्टरापुरतं होतं. 'सहा मिनिटवाल्या ताई' म्हटलं की लिफ्टवालासुद्धा न विचारता दुसऱ्या मजल्याचं बटण दाबायचा.

आता तुम्ही म्हणाल, माणसं चालवायची हे काय काम झालं? ज्याची फुफ्फुसं राठ होत चालली आहेत, त्याला जाऊन विचारा. हा आजार आतल्या गाठीचा. ताप नाही, सूज नाही, रक्त नाही. फुफ्फुसांची आतली जाळी हळूहळू घट्ट होत जाते, जुना स्पंज वाळून कडक व्हावा तशी. मग एक दिवस माणूस जिन्यात मधेच थांबतो, आणि शेजारी दिसला की किल्ली शोधल्यासारखं करत खिसे चाचपतो. डॉक्टर त्याला फायब्रोसिस म्हणतात. खुर्चीत बसलेला रोगी तुमच्याआमच्यासारखाच दिसतो, चार विनोदही करतो. म्हणून त्याला चालवायचं. सहा मिनिटं, सपाट जमिनीवर, या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत आणि परत, जमेल तेवढं. किती मीटर झाले ते लिहायचं. आजार कुठवर आलाय ते त्या आकड्यावरून कळतं.

त्याचे नियम असतात आणि ताई नियमांच्या पक्क्या. रोग्याच्या पुढे चालायचं नाही, बरोबरही चालायचं नाही, कारण तो आपल्या पावलाला पाऊल मिळवायला जातो. मधे गप्पा मारायच्या नाहीत. दर मिनिटाला एकच ठरलेलं वाक्य, एकाच आवाजात. "छान चाललंय. पाच मिनिटं राहिली." "छान चाललंय, असंच चालू द्या. चार मिनिटं राहिली." वाक्य ठरलेलं असण्याचं कारण असं की शब्दानं माणूस जास्त चालतो. ताईंनी हे हजारदा पाहिलं होतं. 'छान चाललंय' कानावर पडलं की वाकलेली पाठ जरा सरळ व्हायची, आणि पाय ओढणारा माणूस पाय उचलायला लागायचा. वीस-पंचवीस मीटरचा फरक सहज पडायचा.

प्रत्येक खेपेला वहीत एक रेघ. एक खेप म्हणजे तीस मीटर. सहा मिनिटं संपली की "थांबा" म्हणायचं, खुर्ची नेऊन द्यायची आणि शेवटची अर्धवट खेप फितीनं मोजायची. तीही कशी, तर सेंटिमीटरपर्यंत. इतरांनी ही शेवटची खेप नजरेनंच लिहिली असती. ताई गुडघ्यावर बसून फीत लावायच्या, आणि त्यांच्या या गुडघ्यांवरून वॉर्डात थट्टाही चालायची.

आणि एक दार होतं, अडीचशेचं. सहा मिनिटांत अडीचशे मीटरच्या आत थांबला, तर रोग्याला चिठ्ठी देऊन मोठ्या इस्पितळात पाठवायचं. तिथून त्याला घरी ठेवायला प्राणवायूचं यंत्र मिळायचं, महागडी गोळी सुरू व्हायची, नर्स घरी यायची. अडीचशेच्या वर गेला, तर सहा महिन्यांनी या. बोटाचा चिमटा थंड हातावर भलतंच काहीतरी दाखवतो, आणि धड चिमटा तरी सगळीकडे कुठे असतो? मीटर मात्र कुणालाही मोजता येतात, म्हणून दार मीटरचं.

ताईंचा दादाही या पॅसेजमधून चालून गेला होता.

दादा ओट्याचे दगड कापायचा. तीस वर्षं. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवयांपासून चपलेपर्यंत पांढरा असायचा, आणि वहिनी त्याला दारातच उभं करून कपडे झटकायला लावायची. तो हसत म्हणायचा, "अगं, लोकांच्या स्वयंपाकघरात मी आयुष्यभर राहणार आहे, तू मला आपल्या घरात तरी येऊ दे." मग खोकला लागला, मग धाप. ताईंनी त्याला इस्पितळात आणलं, फुंकायला लावलं, चालवलं. तीनदा चालवलं. दादाला ती शर्यतच वाटायची. खुर्चीत टेकला की धापा टाकत पहिला प्रश्न, "किती झाले? मागच्यापेक्षा जास्त ना?"

तिसऱ्या वेळी ताईंनी बावीस वर्षांत एकदाच मोडला तो नियम मोडला. शेवटचं मिनिट चालू होतं, दादा दमला होता, आणि ताईंच्या तोंडून निघून गेलं, "दादा, चल, अजून एक खेप! एवढी मार!" दादानं मान वर केली आणि मारली. नऊ खेपा आणि वर अठरा मीटर. दोनशे अठ्ठ्याऐंशी. ताईंचा जीव भांड्यात पडला. अडीचशेला अडतीस मीटर अजून अवकाश होता. कागदावर शिक्का बसला, सहा महिन्यांनी या.

पाचव्या महिन्यात एका दुपारी खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या दादा गेला. कधी कधी हा आजार असा अचानक उडी घेतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. ताईंनी ते मानलं, आणि चार दिवसांनी परत पॅसेजमध्ये उभ्या राहिल्या.

याला दोन वर्षं झाली आणि सरकारला फुफ्फुसं आठवली. फायब्रोसिसच्या रोग्यांसाठी साऱ्या देशाची एक योजना करायची ठरलं. केंद्रं कुठे काढायची, नर्स किती लागतील, घरी द्यायची यंत्रं किती घ्यायची आणि कुणाला द्यायची. समिती बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की देशात असे रोगी किती आणि त्यातले किती कोणत्या थराला आहेत, याचा आकडाच कुणाकडे नाही. एका इस्पितळाच्या वह्या पाण्यात भिजल्या होत्या. दुसऱ्याचा कॉम्प्युटर बदलताना सगळं पुसलं गेलं होतं. धड राहिल्या होत्या फक्त ताईंच्या वह्या, पाठपुठ्ठ्याच्या, निळ्या कव्हराच्या, एकही पान न फाटलेल्या.

ज्या बाईनं एका खुर्चीसाठी तीन अर्ज केले आणि शेवटी घरून स्टूल आणलं, तिला समितीचं पत्र आलं. मोठ्या डॉक्टरांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. मोठे डॉक्टर म्हणजे छातीच्या विभागाचे प्रमुख. माणूस चांगला, फक्त स्वतःवर जरा जास्तच खूश. सहा वर्षांपूर्वी विभागात व्यायामाचा वर्ग सुरू झाला, त्यानंतर रोगी एकदम जास्त चालायला लागले होते. त्यावर डॉक्टर परिषदेत भाषण करून आले होते, टाळ्या घेऊन. तोच अडीचशेचा नियम आणि ताईंच्या मागच्या सहा वर्षांचे आकडे, यांवर आता देशाची योजना उभी राहणार होती. ताईंनी त्या आठवड्यात स्वतःसाठी नवीन चप्पल घेतली. मनातून सुखावल्या होत्या, खोटं कशाला बोला.

समितीच्या बैठकीला पाच दिवस उरले असताना फरशीवाला आला.

पॅसेजची फरशी बदलायची होती. कानावर पेन्सिल अडकवलेला, गुडघ्यांवर रबरी वाट्या बांधलेला माणूस. वाकून वाकून फरश्या मोजत तो एका पट्टीपासून दुसऱ्या पट्टीपर्यंत गेला आणि परत आला.

"ताई, या दोन पट्ट्यांमधलं मी शेवटी घेतो. तुमचं काम अडायला नको. पंचवीस मीटर काय, एका सुट्टीत होईल."

"तीस," ताई म्हणाल्या.

"पंचवीस."

"अहो, भिंतीवर आकडा लिहिलाय की. तीस आहे."

"भिंतीवर काय, कुणीही काहीही लिहील. फरशी अर्ध्या मीटरची. पन्नास फरश्या आहेत. तुम्हीच मोजा."

ताईंनी मोजल्या. मग खिशातली फीत काढली, जिनं त्या बावीस वर्षं उरलेसुरले सेंटिमीटर मोजत होत्या, आणि तिनं पट्टीपासून पट्टीपर्यंत पॅसेज मोजला. आयुष्यात पहिल्यांदा. पंचवीस.

सहा वर्षांपूर्वी गोदाम वाढवलं होतं. ताई तेव्हा आठवडाभर रजेवर होत्या. नवी भिंत पुढे आली तशी जुनी पट्टी भिंतीच्या आत गेली. इस्पितळाच्या सुतारानं रोग्यांना वळायला जागा राहावी म्हणून भिंतीपासून चार पावलं अलीकडे नवी पट्टी मारली आणि तीस आकड्याची जुनी पाटी तिच्याजवळ बाजूच्या भिंतीवर ठोकून दिली. ताई रजेवरून आल्या तेव्हा तो म्हणाला होता, "पट्टी व्यवस्थित लावून ठेवलीय." ताईंनी पाटी पाहिली. तीस. झालं.

रोगी एकदम जास्त चालायला लागले ते का, हेही ताईंना तिथेच, फीत हातात धरून उभं असताना कळलं. कुणी एक पाऊलही जास्त चाललं नव्हतं.

शनिवार-रविवार ताई घरच्या जेवणाच्या टेबलावर वह्या उघडून बसल्या. प्रत्येक खेपेचे तीसचे पंचवीस करायचे. लाल पेन संपलं, दुसरं आणलं. आठशे बारा माणसं. प्रत्येकाचं तोंड आठवत होतं असं नाही, पण बऱ्याच जणांचं आठवत होतं. जिन्याला घाबरणारी ग्रंथपाल, दर वेळी बूट नवे आहेत म्हणून सांगणारा रखवालदार. त्यांच्या हिशेबानं आधी अडीचशेच्या आत होते एकशे एकतीस. आता झाले दोनशे सत्त्याण्णव. म्हणजे एकशे सहासष्ट माणसांना त्यांनी दारापर्यंत चालवत नेलं होतं आणि सहा महिन्यांनी या म्हणून परत पाठवलं होतं.

दादाचं पान त्यांनी मुद्दाम मागे ठेवलं होतं. रविवारी दुपारी ते एकच राहिलं. नऊ पंचे पंचवीस... ताई गोंधळल्या, परत मांडलं. नऊ खेपा, दोनशे पंचवीस. वर अठरा. दोनशे त्रेचाळीस.

सात मीटर. चौदा फरश्या. आणि शेवटची खेप तर त्यांनीच ओरडून मारायला लावली होती.

सोमवारी मोठ्या डॉक्टरांनी सगळं ऐकलं. दार लावून घेतलं.

"हे अजून कुणाला माहीत आहे?"

"फरशीवाल्याला."

डॉक्टर हसले नाहीत. "ताई, माझं ते भाषण छापून आलंय."

"माहीत आहे."

"समितीसमोर सांगणारच?"

"हो."

"माझं नाव जाईल त्यात."

"आधी माझं जाईल, डॉक्टर. वहीवर सही माझी आहे."

डॉक्टरांनी उठून लावलेलं दार उघडलं. मग म्हणाले, "जा. मी अडवणार नाही." त्यांच्याबद्दल एवढं चांगलं लिहायलाच हवं.

पण समितीपेक्षा अवघड दार दुसरंच होतं. संध्याकाळी ताई वहिनीकडे गेल्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही. प्रत्येक मजल्यावर ताई थांबल्या. धाप लागली म्हणून नव्हे. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. दादाची खुर्ची तशीच खिडकीजवळ होती, वर इस्त्रीचे कपडे ठेवलेले.

"वहिनी, तुला एक सांगायचंय. घड्या राहू देत."

"बोल की. कान काय हातात आहेत?"

ताईंनी सांगितलं. फरश्या, भिंत, पाटी, सात मीटर. आपण ओरडलो तेही सांगितलं. वहिनीच्या हातात टॉवेल होता. त्याची तिनं अर्धी घडी घातली आणि तो तसाच धरून ठेवला.

ती म्हणाली, "म्हणजे तो नाटक करत नव्हता."

"काय?"

"तू कागद दिला होतास ना. दोनशे अठ्ठ्याऐंशी. घरी येऊन मिरवला त्यानं तो, फ्रिजवर लावला. आणि दुसऱ्या दिवसापासून म्हणायला लागला, मला जिना चढवत नाही. आंघोळीला बसलं तरी दम लागतो म्हणे. मी म्हटलं, इस्पितळात धावतोस आणि घरात कामाचं नाव काढलं की दम लागतो होय रे तुला? बहिणीपुढे शूर, माझ्यापुढे आजारी?" ती थांबली. "गॅसची टाकी चढवायला लावली मी त्याला. तीन मजले. तो काही बोलला नाही. चढवली. मग त्या खुर्चीत बसला, आणि मी म्हटलं, बघ, जमतं की."

"वहिनी—"

"कागदावर लिहिलं होतंस ना तू. कागद खरा आणि तो खोटा."

ताईंना रडू फुटलं. वहिनी रडली नाही. तिनं टॉवेलची घडी पुरी केली, ढिगावर ठेवली, परत काढली आणि परत घातली. ताई जायला उठल्या तेव्हा तिनं दारात त्यांचा दंड घट्ट धरला, दुखेल इतका.

"तुला मी माफ करीन की नाही, मला नाही माहीत. आत्ता विचारू नकोस. पण तिथे जाऊन सगळं सांग. त्याच्यासारखे जे कुणी असतील, त्यांना ते यंत्र मिळालंच पाहिजे. एवढं करून ये, मग माझ्याकडे ये."

बुधवारी बैठक. लांब टेबल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली, भिंतीवर देशाचा नकाशा आणि त्यावर हिरवे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक होऊ घातलेलं केंद्र. टेबलाच्या टोकाला सहसचिव. शांत, सभ्य, आवाज कधी न चढवणारे. त्यांच्या शेजारी त्यांचा आकडेवाला. छातीच्या एक ज्येष्ठ डॉक्टरबाई. आणि टेबलाच्या मधोमध एक फोन, कारण रोग्यांचे प्रतिनिधी म्हणून घेतलेले गृहस्थ घराबाहेर पडू शकत नव्हते. त्यांच्या यंत्राची घरघर फोनमधून खोलीभर येत होती. थोड्या वेळानं कुणीतरी बटण दाबून तिकडचा आवाज बंद केला.

ताई उभ्या राहिल्या आणि बोलल्या. कागद बघायची गरज पडली नाही. चूक माझी आहे, पाटीवर विश्वास ठेवला, मोजलं नाही. एकशे एकतीस नव्हे, दोनशे सत्त्याण्णव. यंत्रं दुपटीहून जास्त लागतील.

सहसचिवांनी चष्मा पुसला. "ताई, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्ही सगळेच आभारी आहोत. असे कर्मचारी दुर्मीळ." मग ते आकडेवाल्याकडे वळले. "काय करता येईल?"

"सर, यंत्रांचा आकडा मंजूर होऊन आलाय. शुक्रवारी छपाई. तो आता हलणार नाही."

"तो नाही हलणार. रेषा?"

आकडेवाल्यानं ताईंच्या लाल दुरुस्त्या पाहिल्या, बोटं चालवली. दोन मिनिटंही लागली नाहीत. "दोनशे दहा धरलं, सर, तर बरोबर एकशे एकतीस येतात. तीच माणसं. एक कमी नाही, एक जास्त नाही."

"मग दोनशे दहा करू या. छान. सुटसुटीत आहे."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "अहो, पण दुसऱ्या इस्पितळांचे पॅसेज तीस मीटरचेच आहेत. तिथे आज दोनशे चाळीस चालणाऱ्याला यंत्र मिळतं. उद्यापासून मिळणार नाही."

"दोन वर्षांनी योजनेचा फेरविचार आहेच, डॉक्टर. तेव्हा जरूर घेऊ." सहसचिवांनी पान उलटलं. "पुढचा मुद्दा."

फोनवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. तिकडे तो माणूस बहुतेक काहीतरी बोलत होता.

ताई खाली बसल्या. नव्या चपला चावत होत्या. आपण तोंड उघडलं नसतं तर देशभर अडीचशेची रेषा राहिली असती, हे त्यांना तिथे बसल्या बसल्या उमगलं. फक्त या एका पॅसेजमधले रोगी फसले असते, आणि त्यावर उपाय सोपा होता, पट्टीजवळ पंचवीसची पाटी ठोकायची. आता सगळीकडचे फसणार होते. दादा त्या हिशेबात परत बसत नव्हता. दोनशे त्रेचाळीसवाला आता तर तेहतीस मीटर बाहेर होता. सरकारनं तोंडाला पानं पुसली, आणि पानं तोडून आणून दिली ताईंनी.

वहिनीचा फोन आला तेव्हा त्या बसमध्ये होत्या.

"सांगितलंस?"

"सगळं सांगितलं."

"मग? मिळणार ना त्यांना?"

शेजारच्या सीटवर एक बाई मांडीवरच्या पिशवीत काहीतरी शोधत होती. ताईंनी तिच्या हाताकडे बघत सांगितलं. रेषा दोनशे दहावर आणली. फोन चालू होता, वहिनीच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं. मग तिनं ठेवून दिला. त्यानंतर तिनं फोन केला नाही, आणि ताई तो जिना चढल्या नाहीत.

सोमवारी पॅसेजमध्ये नवी पाटी लागली होती, पंचवीस. पहिलाच रोगी शिंपीकाका. चाळीस वर्षं कापडाच्या तुसात बसून शिवलेला माणूस, ताईंकडे पाचव्यांदा आलेला. शर्टाच्या कॉलरला टाचणी लावायची सवय अजून गेली नव्हती. पाचही वेळा त्यांची मुलगी खाली पायरीवर थांबली होती, कारण मुलीसमोर धापा टाकायला काकांना लाज वाटायची. बोटाला चिमटा लावला तेव्हा आकडा आधीच खाली होता. गेल्या वेळची वही ताईंनी सकाळीच बघितली होती. खरे मीटर दोनशे एकोणीस. आज साधारण तेवढेच, कदाचित थोडे कमी.

"तयार, काका?"

"तुमच्या भरवशावर," काका म्हणाले आणि निघाले.

पहिलं मिनिट झालं. ताईंनी तोंड उघडलं. बावीस वर्षांचं वाक्य जिभेवर होतं. त्यांनी तोंड मिटलं.

काका वळताना जरा थबकले, त्यांच्याकडे पाहिलं आणि चालू लागले. दुसरं मिनिट. तिसरं. ताई घड्याळाकडे बघत होत्या आणि वहीत रेघा मारत होत्या. चौथ्या मिनिटाला काका भिंतीला हात टेकून उभे राहिले. हीच ती जागा, जिथे एरवी ताईंचा आवाज यायचा आणि माणूस हात काढायचा. काकांनी वाट बघितली. खरंच बघितली, मान जराशी वळवून, कान देऊन. पॅसेजमध्ये ट्रॉलीच्या चाकांचा आवाज तेवढा होता. मग ते आपले आपणच निघाले.

आठ खेपा झाल्या. वीस सेकंद उरले होते. काका पट्टीवरून वळले आणि नवव्या खेपेत पाय टाकला. दोनशे दहाची रेषा दहा मीटरवर, म्हणजे वीस फरश्या. ताई फरश्या मोजायला लागल्या. तीन. चार. सहा. देवा, यांना हळू चालू दे, असं त्या आयुष्यात पहिल्यांदा मनात म्हणाल्या. सात. आठ.

"थांबा."

त्यांनी खुर्ची नेली, काकांना बसवलं, चिमटा पाहिला. ब्याऐंशी. मग गुडघ्यावर बसून फीत लावली. चार मीटर वीस सेंटिमीटर. दोनशे चार. वहीत लिहिलं, सही केली, चिठ्ठीचं पॅड ओढलं आणि मोठ्या इस्पितळाचा पत्ता घातला.

काकांना बोलायला वेळ लागला. कपाळ पुसलं, कॉलरची टाचणी चाचपली.

"आज काही बोलला नाहीत, ताई. माझं काही चुकलं का?"

"नाही, काका. तुमचं काही चुकलं नाही."

"नाही म्हणजे, मला वाटलं, रागावलात." ते कसंनुसं हसले. "तुम्ही नुसतं एकदा म्हणाला असता ना, छान चाललंय म्हणून, तर ती खेप मी पुरी केली असती."

"माहीत आहे, काका," ताई म्हणाल्या, आणि चिठ्ठी त्यांच्या हातात दिली.